यंदा बसवली तिला

शिक्षकांवरचे सिनेमे मला फार आवडतात आणि ते बघताना मी रडते. गोष्ट बहुतेक ठरलेली असते. कुठल्यातरी गरीब वस्तीतली पडकी शाळा, वर्गात टारगट मुलं, आधीचे दोन शिक्षक पळून गेलेले. मग एक नवा येतो. पहिल्या दिवशी त्याची टर उडवतात, दुसऱ्या दिवशी तो चिडतो, तिसऱ्या दिवशी त्याला काहीतरी सुचतं आणि शेवटी सगळी मुलं पास होतात. सिनेमा असा शेवटाला आला की आमचे हे उठतात आणि माझ्यापुढे टॉवेल आणून ठेवतात. रुमालाने भागायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या रडण्याला कारण होतं. मी स्वतः शिकवत होते आणि तेही तसल्याच शाळेत. मुरबाडहून म्हसा गावाच्या बाजूला जीपने जायचं, फाट्यावर उतरायचं, पंधरा मिनिटं चालायचं, की आमचं हायस्कूल. पाच खोल्या, वर पत्रे. पाऊस लागला की तोंडाने शिकवणं बंद, सगळं फळ्यावर, कारण आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. नव्वदीची शेवटची वर्षं होती. माझं माहेर शहापूरचं, लग्न होऊन मुरबाडात आलेले, विषय इंग्रजी, वय सव्वीस आणि राग नाकावर. दहावीचा निकाल दर वर्षी इतका खाली लागायचा की जूनमध्ये संस्थेची माणसं आली की आम्ही सगळे एकमेकांकडे न बघता बसायचो.

मुलं वाईट नव्हती, फक्त वर्गात नसायची. लावणीला अर्धा वर्ग गायब, म्हशाच्या जत्रेला अख्खा. मागच्या बाकावर दोन-दोनदा नापास झालेले, मिशा फुटलेले बापे. त्यांतल्या एकाने माझ्या पहिल्याच तासाला बोकड आणून खिडकीच्या गजाला बांधला होता. विचारलं तर म्हणाला, घरी ठेवला तर भाऊ विकून टाकेल. माझं सगळं डीएड-बीएड तिथेच संपलं. तास संपेपर्यंत बोकड माझ्याकडे बघत होता आणि वर्ग बोकडाकडे.

मग मी सिनेमातल्यासारखं करायला लागले. एका सिनेमात बाकं गोल मांडलेली पाहिली होती, म्हणून मीही मांडली. त्यामुळे मुलं आणि मुली समोरासमोर आल्या आणि महिनाभर कोणी मान वर केली नाही. शिवाय आमचा शिपाई रोज मधल्या सुट्टीत बाकं पुन्हा रांगेत लावून ठेवायचा. मी गोल करायचे, तो सरळ करायचा. या विषयावर आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. एकदा मी टेबलाच्या कडेवर बसून, अगदी मैत्रिणीसारखं, मुलांना म्हटलं की आज मला काहीही विचारा. मग एकाने विचारलं, उद्या सुट्टी आहे का. तेवढ्यात मुख्याध्यापक दारातून डोकावले. मला टेबलावर बसलेली पाहून त्यांना वाटलं चक्कर आली. त्यांनी पाणी मागवलं.

पण हळूहळू काही जमत गेलं. पुस्तकातलं इंग्रजी त्यांना परकं होतं. मग मी त्यांच्या घरात आधीपासून असलेलं इंग्रजी शोधायला लागले. खताच्या गोणीवरचं, साबणाच्या कागदावरचं, जीपच्या मागच्या काचेवरचं. याची सुरुवात मात्र मी केली नव्हती, एका मुलीमुळे झाली. ती नववीत होती. डोंगरातल्या पाड्यावरून दीड तास चालत यायची, सगळ्यांत मागे बसायची. घरी त्यांची बोली वेगळी, त्यामुळे आमचं मराठीच तिला अर्धं परकं, इंग्रजी तर पुढची गोष्ट. पावसात ती खताच्या गोणीची खोळ करून डोक्यावर घ्यायची. एका सकाळी ती निथळत दारात उभी राहिली आणि मी उशिराबद्दल ओरडायच्या बेतात असताना तिच्या कपाळावर मोठी अक्षरं दिसली. मी म्हटलं, डोक्यावर काय लिहिलंय ते वाच आणि मग आत ये. तिने खोळ काढली, अक्षरं लावत लावत वाचलं, ‘यूज नो हुक्स’. हुक म्हणजे काय ते मी सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, आमच्याकडे ही गोणी आकड्यालाच टांगतात. वर्ग हसला, मीही हसले. त्या दिवसापासून रोज कोणीतरी काहीतरी छापलेलं घेऊन यायला लागलं.

ती हुशार होती का? मी तेव्हा नाही म्हटलं असतं. लक्ष होतं, पण खाडे फार. मोहाची फुलं पडायला लागली की पंधरा दिवस नाही, लावणीला नाही, घरात कोणी आजारी पडलं तर नाही. ‘ळ’ आणि ‘ल’चा घोळ, स्पेलिंगची तर दैना. पण एकदा तिने तास संपल्यावर थांबून मला विचारलं होतं, की दहावीलाही तुम्हीच असाल ना. मी म्हटलं हो, हा वर्ग घेऊन मीच वर जाणार आहे.

आता मुख्याध्यापकांबद्दल सांगायला हवं. ते सज्जन होते. मुलांवर हात उगारत नसत, शाळेच्या आवारात स्वतः झाडं लावत. पण निकालाचं नाव निघालं की त्यांचा चेहरा उतरायचा. दोन वर्षं असाच निकाल लागला तर अनुदान जाईल, अशी त्यांना कोणीतरी भीती घातली होती. त्यांच्याकडे यावर एकच उपाय होता आणि तो त्यांनी शोधलेला नव्हता, आजूबाजूच्या बऱ्याच शाळांत चालायचा. तो म्हणजे नववीत गाळायचं. जी मुलं दहावीला नापास होतील असं वाटतं त्यांना नववीतच थांबवायचं, म्हणजे दहावीला बसणारा वर्ग आपोआप चांगला होतो. शिकवण्यात काही बदल न करता निकाल वर येतो. ‘यंदा नीट गाळा बाई,’ ते मला एप्रिलमध्ये म्हणाले. माझ्या वहिनी भात चाळताना असंच बोलायच्या.

मी गाळलं. मोठ्या तोंडाने सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, पण मी गाळलं आणि तेव्हा मला त्यात फार वाईटही वाटलं नाही. सात मुलं काठावर होती. सहा जणांना मी ग्रेस देऊन वर ओढलं. त्यांतला एक तर बोकडवाला होता. त्याच्यासाठी मी गणिताच्या सरांशी भांडले. सातवी ती. इंग्रजीत आणि गणितात मिळून थोडेच गुण कमी होते, सहज देता आले असते. मी तिचा पेपर हातात घेऊन बसले. मनात जुळवणी केली की एक वर्ष अजून मिळालं तर तिचा पाया पक्का होईल, तिच्याच भल्याचं आहे. खरं कारण असं होतं, की पुढच्या वर्षीचा तो वर्ग माझा असणार होता. माझ्या डोक्यात त्या वर्गाचा सिनेमा आधीच सुरू झाला होता. त्यात शेवटी सगळे पास व्हायचे होते आणि ही एक मुलगी तो शेवट बिघडवेल असं मला वाटत होतं.

निकालाच्या दिवशी ती आलीच नाही, मामाकडे गेली होती. तिचं प्रगतिपत्रक माझ्या कपाटात राहिलं. मे महिन्यात मुरबाडच्या स्टँडजवळ तिची आई करवंदं विकायला बसलेली दिसली. मला ओळखून ती उभी राहिली आणि पोरीचं काय झालं म्हणून विचारलं. माझी जीप भरत आली होती, ड्रायव्हर हाका मारत होता. मी चालता चालता म्हटलं, ‘यंदा बसवली तिला.’ तिने मान हलवली. मग घाईघाईने पानाच्या द्रोणात करवंदं भरली आणि माझ्या मागे येऊन, जीपच्या खिडकीतून ती माझ्या हातात दिली. गोड होती. घरी पोचेपर्यंत मी ती संपवली.

जूनमध्ये शाळा उघडली. ती नव्या नववीत नव्हती. तो वर्ग आता दुसऱ्या शिक्षकांकडे होता. त्यांनी दोन महिने नावापुढे फुल्या मारल्या आणि मग पटावरून नाव कमी केलं. मला हे ठाऊक होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पाड्यावर जावं लागलं असतं.

आणि मला वेळही नव्हता. मी दहावीच्या मागे लागले होते. शाळा भरण्याआधी एक तास, सुटल्यावर एक तास. बापे लोक पाढे म्हणत होते. बोकडवाला पत्रलेखन करत होता. मुलांना मी चिडते हे ठाऊक झालं होतं आणि चिडून पुन्हा तेच समजावते हेही. मुख्याध्यापक येता-जाता दारात थांबायला लागले. खोटं कशाला बोलू, मी फार सुखात होते.

जत्रा आटोपून मुलं परत आली तेव्हा परीक्षा तोंडावर होती आणि सगळे दमलेले होते. माझ्याकडे तसल्याच एका सिनेमाची व्हीसीडी होती, परदेशी, हिंदीत डब केलेली. गावात पूजेला, बारशाला टीव्ही आणि प्लेअर देणारा एक मंडपवाला होता. त्याने एका दुपारी सगळं सामान बैलगाडीतून शाळेत आणून दिलं. खिडक्यांना सतरंज्या लावल्या. सिनेमात एक तरुण बाई एका वाईट शाळेत येते, वर्गात तीसेक मुलं, त्यांतली निम्मी पोलिसांना माहीत असलेली. माझी मुलं तल्लीन होऊन बघत होती. ती बाई चिडली की मुलं माझ्याकडे बघून हसायची. साधारण पाऊण सिनेमा झाला, पडद्यावरच्या मुलांनी परीक्षेचे फॉर्म भरले, आणि आमचं भारनियमन सुरू झालं.

सतरंज्या काढल्या. वीज यायला वेळ होता, म्हणून मी विचारलं, आता पुढे काय होईल सांगा. सगळी पास होतील, असं पाच-सहा जण एकदम म्हणाले. मग डोंगरातल्या त्याच पाड्यावरची एक मुलगी उठली. ती वर्गात सहसा बोलायची नाही.

‘बाई, ती मागं बसायची ती पोरगी कुठं गेली?’

मी विचारलं, कुठली. ती म्हणाली, लाल टोपीवाली, सुरुवातीला होती, मग दिसलीच नाही. मी म्हटलं, असेल कुठेतरी, पुढे येईल. बोकडवाला मागून म्हणाला की नाही येत, फॉर्म भरताना सगळ्यांची तोंडं दाखवली, त्यात पण नव्हती. तो सिनेमा मी तीनदा पाहिला होता. लाल टोपी मला आठवतही नव्हती.

ती मुलगी अजून उभीच होती.

‘आमच्या पाड्यावरची पण नाय आली. तिला तुमीच घरी बसवलीत ना, बाई?’

मी म्हटलं, मी कधी असं सांगितलं? तर ती म्हणाली, तिच्या आयेला तुम्ही मुरबाडला भेटलात तेव्हा. तुम्ही बोललात, पोरीला बसवली. म्हणून मग आयेने बसवली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, वर्गातल्या कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. बाईंनी एकीला घरी बसवलं, बाकीच्यांना वर घातलं, यात त्यांना नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. बाईंचं कामच ते. मी शाळेच्या भाषेत बोलले होते. नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात बसवतात, आम्ही स्टाफरूममध्ये दिवसाला दहादा तो शब्द वापरतो. आणि वयात आलेल्या मुलीला घरी बसवतात, हे गावात सगळ्यांनाच कळतं. त्या आईने दुसरं काय समजायचं? मला घाई होती आणि तिला माझ्यावर विश्वास होता.

चारला वीज आली. उरलेला सिनेमा बघितला. सगळी पास झाली. लाल टोपीवाली आली नाही.

त्या रविवारी मी त्या मुलीला बरोबर घेऊन पाड्यावर गेले. दीड तासाची ती चढण मी पहिल्यांदाच चढत होते. तिथून रोज येणाऱ्या मुलीला मी उशिराबद्दल ओरडायचे, हे चढताना दर वळणावर आठवत होतं. ती अंगण सारवत होती. मला बघून उठून उभी राहिली, शेणाचे हात अंगापासून लांब धरून. उंच झाली होती. आईने माझ्यासाठी घोंगडी अंथरली. मी बसले नाही. आधी त्या शब्दाचं सांगितलं, की मला ‘घरी बसव’ असं म्हणायचं नव्हतं, नववीतच पुन्हा एक वर्ष, असं म्हणायचं होतं. आई म्हणाली, ‘बाई बोल्ली म्हंजे झाला. मी कशाला इचारू.’

इथे थांबले असते तर चूक शब्दाची ठरली असती आणि मी सुटले असते. मला ते सुटणं नको होतं, किंवा खरं सांगायचं तर शेणाच्या हातांनी उभ्या असलेल्या त्या मुलीसमोर ते जमेना. मी म्हटलं, आणि ती नापास होण्याइतकी कच्चीही नव्हती. थोडे गुण कमी होते. इतरांना दिले तसे देता आले असते, मी दिले नाहीत. शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून.

निकाल, गुण, यातलं आईला किती कळलं कोण जाणे. तिने एकच विचारलं.

‘म्हंजे हिचं डोकं बरं हाय?’

मी हो म्हटलं. तिने वळून लेकीकडे असं बघितलं, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. वर्षभर त्या घरात, त्या पाड्यावर, त्या मुलीबद्दल काय बोललं गेलं असेल ते त्या एका वाक्यात होतं.

मुलगी हात धुऊन आली. म्हणाली, माझा पेपर दाखवा. मी सांगितलं की पेपर आता नाहीत, वर्ष झालं की रद्दीत जातात. माझ्या पिशवीत दहावीचं इंग्रजीचं पुस्तक होतं. ते तिने मागून घेतलं, मधलंच एक पान उघडलं आणि उभ्याउभ्या वाचायला लागली. चुकत, अडखळत, काही शब्द भलतेच उच्चारत, पण न थांबता खालपर्यंत. मी सवयीने दोनदा दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. पान संपलं. तिने पुस्तक बंद केलं आणि आईला म्हणाली, ‘येतंय की.’ माझ्याकडे तिने बघितलं नाही.

मग मी बोलत सुटले. की सतरा नंबरचा फॉर्म असतो, बाहेरून दहावीला बसता येतं, पुढच्या मार्चला. मी दर रविवारी येईन, वर चढून येईन, इंग्रजी आणि गणित दोन्ही शिकवेन, पुस्तकं आणेन. तिने सगळं ऐकून घेतलं.

‘तुमी नका शिकवू, बाई,’ ती म्हणाली. ‘फॉर्म तेवढा भरून द्या.’

त्या जूनमध्ये आमच्या दहावीचा निकाल आजवरचा सगळ्यांत चांगला लागला. संस्थेने शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. मी दोन शब्द बोलले, त्यांत तिचा उल्लेख नव्हता. तिने पुढच्या मार्चला मुरबाडच्या केंद्रावरून परीक्षा दिली आणि पास झाली. तिला शिकवलं त्या पाड्यावरच्या मुलीने, जी माझ्या वर्गातून नुकतीच पास झाली होती. म्हणजे माझंच शिकवणं फिरून तिच्यापर्यंत गेलं, असं मी काही दिवस स्वतःला सांगून पाहिलं. मग सोडून दिलं.

पण फॉर्म मी भरला. सत्कार झाला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, भर पावसात. त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो, म्हणून मी ऑफिसात कारकुनासमोर बसले होते. नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली, असं लिहीत लिहीत तो एका रकान्यापाशी आला आणि त्याने विचारलं, शाळा सोडण्याचं कारण काय लिहू. आमच्याकडे तिथे दोनच कारणं चालायची. सततची गैरहजेरी, नाहीतर पालकांची विनंती. मी म्हटलं, जरा थांबा. तो पेन धरून थांबला. खरं कारण मला ठाऊक होतं, पण ते लिहिलेला दाखला बोर्डाने परत पाठवला असता आणि तिचं आणखी एक वर्ष गेलं असतं. निदान तेव्हा मी मनाची तशी समजूत घातली. त्याने वळणदार अक्षरात लिहिलं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. मग कागद माझ्याकडे सरकवला, कारण ती शेवटची ज्या वर्गात बसली तो माझा होता, आणि मी वर्गशिक्षक म्हणून खाली सही केली.